कुंडी वीतभर सरकवली तेव्हा

गच्चीवर प्लॅस्टरनंतर उरलेल्या वाळूत
एका गांधीलमाशीनं बीळ केलं.
जाण्याआधी तिनं बिळावर फेऱ्या मारल्या,
प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा मोठी, तोंड सतत बिळाकडे,
जसा घर बंद करून निघालेला माणूस
कुलूप पुन्हा ओढून बघतो.
अलीकडे गवती चहाची कुंडी, पलीकडे वाळलेली सदाफुली.

उर्वी म्हणाली, मामा, आता बघ,
आणि दोन्ही कुंड्या वीतभर डावीकडे सरकवल्या.

माशी परतली. पायांत हिरवी अळी.
बरोबर दोन कुंड्यांच्या मधोमध उतरली.
तिथं बीळ नव्हतं.
बीळ वीतभर उजवीकडे, उघडं, उन्हात.
तिला दिसलं नाही.
उठली, वर गेली, पुन्हा मधोमध उतरली.
उर्वीनं कॉलेजच्या वहीत लिहिलं, नऊ वेळा.
मी हसलो नाही.

एकतीस वर्षं मी वीजमंडळात मीटर रीडर होतो.
तिवंधा, दहीपूल, भद्रकाली.
रस्त्यांची नावं कधी लागलीच नाहीत.
गायधनींचा जिना, सातवी पायरी मोडकी, मीटर कोनाड्यात.
गिरणी, पिठानं पांढरा झालेला उंबरा,
तिथून उजवा हात भिंतीला, कारण बोळात अंधार,
भिंत संपली की तांबटाचं दार,
आधी ठोके यायचे, मग दार.
आकडा एकही आठवत नाही.
ती भिंत मात्र तळहाताला पाठ आहे,
कुठं खडबडीत, कुठं ओल.

लतीफभाईंची घोडी पिंगळी
शालिमारहून रिकामा टांगा घेऊन एकटी तबेल्यावर यायची.
ते म्हणायचे, हिला दोन्ही बाजूंचं दिसतं, बरंचसं मागचंही,
फक्त ऐन नाकासमोरचं दिसत नाही.
आणि मला वडिलांनी शिकवलेलं एकच,
नाकासमोर चालावं.

घाटावरचा दुतोंड्या मारुती बरा.
पुराचं पाणी छातीला लागलं
तरी येणारंही बघतो, गेलेलंही.

उर्वी सांगते,
ढगाआडचा सूर्य मधमाशीला
आभाळाच्या उरलेल्या तुकड्यातून कळतो.
कुठल्याशा थंड मुलुखातला पक्षी
हजारो बिया पुरतो
आणि बर्फाखालून नेमक्या उकरतो.
मी विचारलं, आणि माणूस?
ती थोडी थांबली. माणूस रस्ता विचारू शकतो, म्हणाली.

मंगळवारचं मी तिला सांगितलेलं नाही.
सहज त्या बाजूला गेलो होतो.
गिरणी पाडलीय. हिरव्या पत्र्याचं कुंपण.
मी मागे फिरलो, कोपऱ्यापासून पुन्हा आलो.
पुन्हा पत्रा.
पुन्हा कोपरा.
स्कूटरवरच्या पोरानं ब्रेक दाबला,
आजोबा, कोणाकडे जायचंय?
विचारण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.
पत्त्यात माणूस लागतो,
माझ्याकडे नुसता उंबरा.
त्याला म्हटलं, मीटर बघायचाय.
तो माझ्या हातांकडे बघत राहिला.
हातांत कोथिंबिरीची जुडी.

गुरुवारी डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं.
जमलं. पावणेपाचही वाजवून दाखवले.
मग म्हणाले, आता अशोकस्तंभापासून घरचा रस्ता काढा.
मी भिंत काढली.
नुसती भिंत, कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

रात्री दोनला गच्चीवर गेलो.
बॅटरी घेतली नाही, पायऱ्या तेवीस आहेत.
कुंड्या परत जागेवर ठेवल्या.
जागा कोणती, ते वाळूतल्या दोन ओल्या वर्तुळांनी सांगितलं,
बोटांना लागली.
मधे अळी पडलेली होती,
जिवंत,
डंखानं सुन्न,
जिथं बीळ असायला हवं होतं
त्या जागेपासून वीतभर लांब.